हरणाऱ्यांची वाक्यं

मी हरणाऱ्यांची वाक्यं लिहिते.
फुकुओकात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर,
जिथे दुपारभर खालून ड्रिलचा आवाज येतो
आणि आमचे राक्षस पडद्यावर मुकाट मरतात.

पहिल्या आराखड्यात नियमांचीच पानं होती एकशे बारा.
कुरामोची-सान लाल पेन घेऊन बसले.
पाच घरांची तीन केली.
आठ हजारांचे प्राण चार हजारांवर आणले.
दोन लहान पानांचा बळी दिल्याशिवाय
मोठं पान उतरत नसे;
आता उतरतं, फुकट, पहिल्याच खेपेला,
पंख पसरून, संगीतासकट.
हात रिकामा झाला की आपोआप भरतो.
हातचं राखून खेळायला
कुणाला कारणच उरलं नाही.

शेवटी त्यांनी तो नियम खोडला
ज्यात दुसऱ्याच्या पाळीत मध्येच
आपलं पालथं पान उलटता यायचं.
म्हणाले, पोरं इथेच गोंधळतात.
खरं होतं. चाचणीला आलेली आठ वर्षांची इबुकी
त्या नियमापाशी दोनदा रडली होती.
नियम गेल्यावर सलग अकरा डाव खेळली,
ज्यूसचा डबा न उघडता.

मला आठवला तोशिहारु.
कुशिरोत, रॉकेलच्या हीटरपाशी,
ब्लँकेटवर मांडलेला आमचा डाव.
पान टाकण्याआधी तो हात तसाच हवेत धरायचा
आणि विचारायचा:
काही?
नियमच होता तसा. विचारावंच लागे.
माझ्याकडे बहुतेकदा काहीच नसे.
तरी मी पालथ्या पानावर बोट ठेवून
उगाच वेळ काढायची,
आणि तो, सहा वर्षांनी मोठा,
घाबरायचा.
खरंच की माझ्यासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

आता तुझी पाळी तुझी. मध्ये भिंत.
तू सगळी पानं ओत, मग मी माझी ओतीन.
पंधरा मिनिटांचा डाव चार मिनिटांत आटोपतो.
उरलेल्या अकरा मिनिटांत काहीतरी भरायला हवं
म्हणून स्टोरी मोड.
म्हणून मी.

काय लिहू, मी विचारलं.
बोलू देत त्यांना, कुरामोची-सान म्हणाले,
त्यांच्या हातात आता दुसरं काही नाही.

तेव्हापासून माझी माणसं बोलतात.
बंदरावरची जकातवाली पहिल्याच प्रकरणात हरते
आणि म्हणते, पान चांगलं होतं, मी घाई केली.
जुळे भाऊ हार एकमेकांवर ढकलतात.
खलनायकाला तीनच वाक्यं,
कारण त्याचा आवाज देणारा नट महाग आहे.
सगळी हरणारच. पत्ते तसेच वाटलेत त्यांना.
जुने खेळाडू म्हणतात, पोरखेळ केलात,
सगळ्यांनाच लिंबूटिंबू केलंत.
असेल.
पण लिंबूटिंबू नक्की कोण,
खेळणारा की माझी ती माणसं,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सातव्या प्रकरणात दीपगृहाचा राखणदार येतो.
त्याला मी एकच शब्द दिला.
शेवटचं पान टाकण्याआधी
त्याचा हात हवेत थांबतो, आणि तो विचारतो:
काही?
पडद्यावर बटण एकच असतं. पुढे.
चाचणीवाल्यांनी खूण केली: वाक्य अपुरं, तपासावं.
कुरामोची-साननी ते पान बराच वेळ पाहिलं,
पेनाला टोपण लावलं
आणि जेवायला गेले.

तोशिहारु हल्ली मासळी गोठवायच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो.
हातमोजे काढल्यावर बोटं पडद्याला कळायलाच
पाच मिनिटं लागतात, असं म्हणतो.
लांबलचक नियमांचं आता त्यालाही जमत नाही,
सुट्टी वीस मिनिटांची.
काल पहाटे तीनला त्याचा मेसेज आला:

राखणदारापाशी आहे.
बटणावर बोट ठेवून बसलोय कधीचा.
घाबरला का गं तो?