वरचा घोट

कोचाबाम्बात संत्री पहाटेच सोलतात,
हातानं फिरवायच्या यंत्रावर.
सालीची एकच लांब फीत गाड्याखाली लोंबत राहते.
कासिमिरा चोके ती तुटू देत नाही.
तिला गर्व आहे तो एवढाच.

ग्लास रिकामा झाला की न विचारता
भांड्यात उरलेलं ती पुन्हा ओतते.
यापा म्हणतात इथे त्याला.
जुडी घेतल्यावर भाजीवाली दोन काड्या वर ठेवते ना, तसं.
मागायचा नसतो, नाकारायचाही नसतो.
सहा वर्षं रोज मी हा वरचा घोट घेतला
आणि तोंड पुसत प्रयोगशाळेत गेले.

या मंगळवारी निर्जंतुक बाटली पुढे केली.
"यात ओत."
"का गं, ग्लास फुटले तुझे?"
तिनं खुणेपर्यंत भरली,
मग सवयीनं थोडा वर,
माझ्या हातमोज्यावर ओघळेपर्यंत.

मी बादलीकडे पाहत होते.
पाच ग्लास बुडत होते, पाच निघत होते,
पहाटेचं पाणी नवापर्यंत फिकट नारिंगी झालेलं,
तळाला बिया.
सुटी नाणी घेणारा हात एप्रनला पुसून
तसाच सुरीवर.
संत्र्याच्या पोटात पाप नसतं.
असतं ते सालीवर, आणि सुरी ते आत पोचवते
निरोप्यासारखी,
निरोप काय आहे हे तिला ठाऊक नसतं.

कुणाला पाण्यात पाहू नये म्हणतात.
माझी तर नोकरीच ती.

सदतीस अंश, चोवीस तास.
म्हणजे पोटात असते तेवढीच ऊब.
आंबटात काय जगणार, असं आई म्हणायची.
जगतात, आई.
जांभळ्या थरावर हिरवी धातूची झाक,
भुंग्याच्या पाठीवर असते तशी.
सुंदर असते. अहवालात हे लिहीत नाहीत.
तीनशेच्या पुढे मोजायचं नाही, असा नियम आहे.
मी मोजत राहिले.

संध्याकाळी दक्षिणेच्या टेकडीवर तिच्या घरी गेले.
नळ नाही. दाराशी पिंप, झाकणावर वीट.
टँकर आठवड्यातून दोनदा येतो,
त्याचा पाइप धुळीतून, कुत्र्यांच्या मधून ओढत आणतात.
"पाणी कुठलं?" प्रिमितीवो ओसिनागाला विचारलं.
"विहिरीचं."
"कुठली विहीर?"
त्यानं हनुवटीनं डोंगर दाखवला,
मग दुसरा डोंगर.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
पिंपातलं थोडं मी बाटलीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या थाळीतही तोच भुंगा.

फॉर्मवर रकाने चार:
विक्रेत्याचं नाव, गाडा क्रमांक, पदार्थ, दोष.
टँकरला रकाना नाही.
विहिरीला नाही. डोंगराला तर नाहीच.
नाव मी लिहिलं. कासिमिरातला 'सि' ऱ्हस्व की दीर्घ
यावर बराच वेळ घालवला.

शुक्रवारी थाळी घेऊन गेले, झाकण चिकटपट्टीनं बंद करून.
तिनं ती उन्हाकडे धरली.
"हे माझं?"
"तुझं एकटीचं नाही."
"मग कुणाकुणाचं?"

मी सांगायला लागले. पाणी उकळण्याबद्दल,
क्लोरीनच्या थेंबांबद्दल, दुसऱ्या बादलीबद्दल.
"आणि गॅस?" ती म्हणाली.
सिलिंडरची किंमत मला ठाऊक नव्हती.
तेवढ्यात गणवेशातला एक मुलगा आला, हातात नाणं.
"एक. बर्फाशिवाय."

तिनं ग्लास उचलला, बादलीवर नेला
आणि हात तिथंच थांबला.
ओला हात. थेंब पडत होते बादलीतच.
मग ग्लास न विसळता तिनं कोरड्या फडक्यानं पुसला
(फडकं तरी कुठलं स्वच्छ)
आणि भरला.

मुलानं एका दमात संपवला.
रिकामा ग्लास धरून उभा राहिला,
सगळे राहतात तसा.
कासिमिरा माझ्याकडे बघत होती.
भांड्यात दोन घोट उरले होते.

"यापा?" मुलगा म्हणाला.

त्या गाड्यावर
तो मागावा लागलेला मी कधी ऐकला नव्हता.