गेली

भंडाऱ्याच्या रेकॉर्ड रूममधला बाबू विचारतो,
जातीच्या दाखल्यासाठी का?
मी म्हणते, नाही.
मग कशाला, हे तो विचारत नाही,
बस्ता पुढे सरकवतो, पंखा बंद करतो,
म्हणतो, पानं जपून. कडा तुटतात.

बंदोबस्ताची मिसल, सन अठराशे नव्वद.
लहानू वल्द झिबल, कोष्टी.
मर्द एक, औरत एक, मुली दोन,
माग एक, शेळ्या तीन, पैकी काळी एक.
शेळीचा रंग लिहिलाय.
औरत एक.

पुढचा कागद सात वर्षांनंतरचा.
दुष्काळी कामाची हजेरी, तलावाची पाळ बांधणे.
दोन मुलींवर काट, वर एक,
आणि कडेला सुकत चाललेल्या बोरूनं
एवढंच : गेली.

अखरपखात तिच्या वाटचा घास
आमच्या कौलांवर जातो अजून,
नाव न घेता. नाव ठाऊक कोणाला?

दिवाळीत भाच्यानं नळी आणली.
थुंक मावशी, रेषेपर्यंत.
चहाआधी, उपाशीपोटी थुंकले.
दोन महिन्यांनी फोनवर उमटला
आईच्या आईच्या आईच्या आईकडून आलेला धागा
आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला
सोमारी तांती, वय अडुसष्ट,
तिनसुकियाकडचा कुठलासा चहामळा.

म्हणजे कारकुनानं खरं तेच लिहिलं होतं.
गेली म्हणजे गेली.
अंगठा देऊन, आगगाडीनं, मग बोटीनं.
मारलं तिला वाचणाऱ्यांनी.

आई शिंगाडे सोलत होती. हात थांबला नाही.
''मंग आतावरी कावऱ्याले
कोनाचा घास देल्ला बाप्पा आपन?''

रविवारी सोमारीच्या नातवानं फोन लावून दिला.
तिची बोली मला येईना, माझी तिला.
बराच वेळ आम्ही
एकमेकींच्या कपाळाकडं बघत राहिलो.
मग ती काही बोलली. नातू हसला,
मोडक्या हिंदीत सांगू लागला :
आजी विचारते,
तुमच्याकडच्या तलावात पाणी आलं का?

मी पाळीवरच उभी होते.
फोन उलटा धरला.
वेलांत एक पाणकोंबडी होती, ती दिसली असेल
किंवा नसेलही, तिकडं चित्र अडकलं होतं,
आणि माझाच आवाज
आसामातून दोनदा परत आला :
आलं. आलं.