गच्चीवरची टेकडी

खैरनार काकांनी छत्तीस वर्षं नोटा मोजल्या
नाशिक रोडच्या छापखान्यात. एकही त्यांची नव्हती.
आता पाथर्डी फाट्याच्या गच्चीवर युनिटं मोजतात,
वहीत, तांबड्या शाईने.
"ताई, परवा एकोणीस, काल चौदा.
पाच गेली कुठे?"

शिडीवरून मी वर.
पौषातलं कोरडं, धुतल्यासारखं ऊन,
लेण्यांचा डोंगर हात लावावा इतका जवळ.
(हे ऊन पॅनलना मानवतं. वैशाखात तीही
माणसासारखीच तापून सुस्तावतात,
हे काकांना अजून पटलेलं नाही.)
बारा पॅनल एका माळेत, हायवेची धूळ अंगावर,
आणि तिसऱ्यावर, मांजासकट, निवांत पसरलेला
एक जांभळा पतंग.

"एवढ्याशा कागदाने?"

काका, हा इन्व्हर्टर डोळे नसलेला गडी.
टेकडी चढतो पायाने चाचपत.
एक पाऊल टाकायचं: वीज वाढली? अजून एक.
घटली? मागे.
माथा त्याला दिसत नाही,
पायाखालचा चढ तेवढा कळतो.
सावली पडली की एका टेकडीच्या होतात दोन,
आणि हा बिचारा धाकटीवर चढून
तिलाच शिखर समजून बसतो दिवसभर.

"आमचा सुपरवायझर असाच होता," काका म्हणाले,
आणि पतंग घडी न मोडता काखेत धरला.

फडकं, दोन बादल्या पाणी, कडेचा कबुतरांचा संसार.
आकडा हलू लागला:
दोन पूर्णांक आठ, तीन, तीन पूर्णांक चार.
वर पोचूनही तो उभा राहत नाही,
इकडे पाऊल, तिकडे पाऊल,
ढग आला की डोंगरच सरकतो, म्हणून.

आणि तेवढ्यात सगळं बंद.

शनिवार. दुरुस्तीची वेळ. खालचा पंखा थांबला.
काका भडकले: "ऊन डोक्यावर आहे! पॅनल माझे!
आणि माझ्याच घरात अंधार?"

फाट्याच्या अलीकडे कुणीतरी खांबावर आहे, मी म्हटलं.
तार मेलेली समजून हात लावील.
तुमच्या गच्चीने ती जिवंत ठेवायची नसते.

काका कठड्यापाशी गेले.
बराच वेळ खांब शोधत राहिले,
दिसला की नाही, विचारलं नाही मी.
चहा झाला. पतंग कुणाला द्यायचा यावर
शेजारच्या दोन पोरांत भांडण झालं.

दोन वाजून दहा. वीज आली.
इन्व्हर्टर लगेच जुळत नाही,
पाच मिनिटं लाइनची नाडी धरून बसतो.
पडद्यावर तीनशे, उलटे.
काकांनी सवयीने अंगठ्याला जीभ लावली,
आणि कोऱ्या हवेत
दोनशे नव्याण्णव,
दोनशे अठ्ठ्याण्णव