ढग नव्हता

दर पाच दिवसांनी, साडेअकराच्या सुमाराला
तो गोबीवरून जातो.
आवाज नाही. खाली सावलीही पडत नाही.
संध्याकाळपर्यंत चित्र उलानबातरला, माझ्या टेबलावर.

आधी मी ढग पुसते,
मग धूळ वेगळी काढते, मग बर्फ,
मग खाणीच्या काठाकाठानं बाण फिरवते,
शिंप्यानं उसवलेली कड चाचपावी तशी,
आणि आकडा लिहिते:
गेल्या खेपेपेक्षा चार हेक्टर जास्त.

खुरेन तोलगोय.
तोलगोय म्हणजे आमच्याकडे डोकं, आणि टेकडीही.
जुन्या नकाशात ती अजून आहे,
एकीत एक समोच्च रेषा, चिरलेल्या कांद्यासारख्या.
आता त्याच रेषा खाली उतरतात.

माझ्या पडद्यावर जिवंत गवत लाल दिसतं.
दहा वर्षांपूर्वीचं चित्र उघडलं
की ओढ्याच्या काठी एक लाल दोरा सापडतो.
अलीकडच्या चित्रांत मी तो शोधत नाही,
अहवालात त्याला रकाना नाही.

एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा.
नमद्याचं आमचं घर त्याच्या तिसऱ्या हिश्शात मावतं.
उंट दिसत नाही.
तार दिसत नाही, तारेचे खांब दिसत नाहीत.
माणूस दिसलाच तर मातीच्या रंगात
चिमूटभर फरक पडतो, तेवढाच.

ऑक्टोबरात लुव्सानदोर्ज ऑफिसात आला,
रात्रभर बसनं, मांडीवर वाळवलेल्या दह्याच्या वड्या.
म्हणाला, माझी विहीर कुंपणाआड गेली.
साहेबांनी कागद काढला.
कागदावरचं कुंपण विहिरीच्या चारशे मीटर अलीकडेच थांबत होतं.
"विहीर चित्रात दाखवा," साहेब म्हणाले, सभ्यपणे.
मी दाखवायला गेले.
करडा ठिपका, शेजारी करडा ठिपका.
विहिरीचं तोंड केवढं, तर दोन हात.

जिन्यात त्यानं मला एवढंच विचारलं,
"तो वरचा किती वाजता येतो?"
मी सांगितलं.
वेळापत्रक तर उघडंच असतं, कुणीही बघावं.

सतरा नोव्हेंबर. आभाळ लख्ख.
तरी संगणकानं एक ढग कापून बाजूला ठेवलेला,
तीन ठिपके रुंद, एक ठिपका उंच.
एवढासा ढग?
ढगाला सावली असते. मी उत्तरेला शोधली,
मग उगाच दक्षिणेलाही.

फोन सुनेनं उचलला, यंजमानं.
"आम्हीच ते. घराचे जुने नमदे,
शेजारच्या दोन घरांचेही, आणि माझ्या लग्नातला पांढरा तागा.
तारेखालून ओढत नेले. दगड ठेवले वाऱ्यासाठी.
सासरे मधोमध बसले होते, विहिरीच्या काठावर,
साडेदहापासून, टोपी काढून, वर बघत.
उणे अठरा होतं."
कुणी हटकलं नाही?
"रखवालदार आला ना. हे काय म्हणाला.
सासरे म्हणाले, वाळत घातलंय."

बावीसच्या चित्रात सगळीकडे बर्फ.
म्हणजे माझ्याकडे एकच चित्र.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.
"यंत्र ढग म्हणतंय, तर ढगच धर.
शुक्रवारी अहवाल जायचाय."
यंत्राची चूक नाही. त्याला पांढरं शिकवलंय,
पांढरं कुणी का अंथरावं ते नाही.

ऑफिस रिकामं झाल्यावर मी ते तीन ठिपके
उचलून परत जागेवर ठेवले.
मधल्यात कुठेतरी म्हातारा आहे, टोपी काढलेला.
मोठं केलं की तो वाढत नाही, फक्त ठिपका वाढतो.

प्रकार निवडा, पडद्यानं विचारलं.
यादी उघडली: ढग, बर्फ, खडक, पाणी, बांधकाम, इतर.
विहीर नव्हती.
मी पाणी निवडलं.