अकरा सामन्यांची वही

मंडळीच्या सॉफ्टबॉल संघाची गुणलेखक म्हणून
पाळकांनी माझं नाव जाहीर केलं तेव्हा
मी दुसऱ्या बाकावर
दानपिशवीची गाठ सोडत होते.
एलआयसीतून निवृत्त, अक्षर बरं, संसार नाही,
एवढ्या पात्रतेवर
निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही हाती आली.

मेकोसाबागेच्या मागचं मैदान,
थंडीतले शनिवार, दुपारी चार.
फक्कीने आखलेला चौकोन
दर वेळी एका अंगाला कललेला,
कारण फक्की मारणार शांतवनभाऊ
आणि त्यांचा डावा पाय आखूड.
आठवडाभर ते कब्रस्तान राखतात.
तिथल्या ओळी मात्र सरळ.

तेच आमचे पिचर.
या खेळात चेंडू जोरात टाकायचाच नसतो.
खालून, हळू,
माणसाच्या डोक्यावरून कमान करून सोडायचा,
आणि तो उतरेपर्यंत समोरच्याने
धीर धरायचा.
वीज मंडळाचे लाइनमन हसले.
पहिले तिघे चेंडू पोचायच्या आधीच फिरले,
गरागरा, स्वतःभोवती.
चौथ्याने वाट पाहिली.
तो चेंडू अजून सापडलेला नाही.

मग हरतच गेलो.
इतवारीच्या कापडवाल्यांकडून, बँकेकडून,
दारूगोळा कारखान्याकडून तर असे
की पाळक गुडघे धरून होमपाशीच बसले
आणि आम्हाला वाटलं, प्रार्थना करतायत.
एकदा जिंकलो.
समोरचा संघ वऱ्हाडात काटोलला गेला होता,
आलाच नाही.
त्याबद्दल रविवारी देवाचे आभार मानावेत का,
यावर कमिटीत पाऊण तास.

चौथ्या सामन्यात
मी एक धाव जास्त लिहिली.
कुणी मागितली नव्हती.
ऑर्गन वाजवणारी एलिशिबा,
बोटं जपायची म्हणून उजवा हात सदा स्वेटरमध्ये,
कशी कोण जाणे तिसऱ्या बेसवर पोचली,
आणि होमकडे अशी पाहून राहिली
की माझ्या पेनाने तिला आणलं घरी.
तरी नऊ धावांनी हरलो.
पाप केलं, तेही पुरलं नाही.

शेवटचा सामना. पुन्हा लाइनमन.
बरोबरी, शेवटचा डाव, दोन बाद.
रूफस तिसऱ्यावरून सुटला,
बायबलच्या वर्गाला कधी न फिरकलेला रूफस,
आणि होमवर असा घसरला
की धुळीत सगळेच गडप.
पंचांचे हात आडवे : सेफ!
आम्ही उड्या मारतोय,
कोषाध्यक्ष सत्रळकरांनी टोपी उडवलीय,
आणि धुळीतून हा उठतो, पँट झटकतो, म्हणतो,
"नाही ना सर. लागला मले चेंडू. इथं, बरगडीले."
"अरे, मी सेफ दिलाय."
"तुमी देल्ला. पन लागला ना."

सत्रळकरांची टोपी खाली आली होती.
"काहून बे? तुले कोनी इचारलं होतं?"

जादा डावात एका धावेने गेलो.
त्यानंतर लाइनमनांचा कप्तान धकाते
सगळ्यांना तर्री पोह्याला घेऊन गेला, पैसे त्याचेच.
कुणी काही बोललं नाही.
रूफसने दोन प्लेटा खाल्ल्या,
तर्री वरून मागून.

त्या रात्री वही उघडली.
चौथा सामना. निळ्या शाईची एक उभी रेघ.
ब्लेडने खरवडली असती तर कागद फाटला असता,
तशीच ठेवली असती तर मी.
रविवारी उपासनेनंतर
ऑर्गनवर कापड घालत होती एलिशिबा.
तिलाच दाखवली, सांगितलं सगळं.

ती रेघेवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती.
मग म्हणाली,
"पण मावशी,
मला तर वाटत होतं, मी पोचले होते.
आईला सांगितलंसुद्धा."