वाव

उडी उद्या. आज फक्त दोरी.

मासेमारीची जुनी दोरी, टोकाला शिशाचा गोळा,
दर वावेला गाठ.
गाठी मी मारल्या, हात दोन्हीकडे पसरून.
माझी वाव वेन्झूच्या वावेपेक्षा चार बोटं तोकडी,
म्हणून मोजून झालं की एक गाठ मी सोडून देते.
वेन्झू मिठागरात खोरं ओढतो, वर न बघता म्हणतो,
"दोन सोड."

गोझोचा हा कडा
खारीसारखा, पापुद्र्यावर पापुद्रा.
जिल्यान कडेला उभा, सोळा वर्षांचा, बोटं दगडाबाहेर.
"आत्या, मागच्या उन्हाळ्यात अकरा वेळा मारलीय इथून.
पाठ आहे मला जागा."
त्याच्या टाचेखालून एक पापुद्रा सुटतो
आणि बराच वेळ
पडत राहतो.

आधी बाहेर कसं यायचं ते बघू, मी म्हणते.
शिडी आहे. गंजलेली, खालच्या दोन पायऱ्या गायब,
लाट ओसरली की ती हवेत लोंबते, दात पडलेल्या तोंडासारखी.
डावीकडे एक पायठणी, हिरवी, बुळबुळीत,
फटीत काळ्या काट्यांचे गोळे दबा धरून.
पलीकडे मिठागराचा उतार. लांब आहे,
पण दमलेल्या माणसाला तिथे अंग टाकता येईल.

मग बसलो. लाटा मोजल्या.
त्याला कंटाळा आला नवव्या लाटेला,
मी पाव काढला, ऑलिव्ह काढले,
चौदावी, पंधरावी, सगळ्या सालस, घरातल्यासारख्या.
एकोणिसावी आली
आणि पायठणीवरचे त्याचे बूट घेऊन गेली.
एक परत मिळाला.

पाण्यात मी उतरले, चष्मा लावून.
तो वरून हात करत होता: अजून पुढे. अजून. हां, तिथे.
गोळा सोडला.
एक गाठ, दोन, तीन, चार, साडेचार. ठीक.
हातभर उजवीकडे: साडेचार. ठीक.
अजून हातभर:
एक गाठ,
आणि दोरी सैल.

पुन्हा सोडला. पुन्हा सैल.

उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात.
इथलं उथळ पाणी मुकाट होतं,
वरून दिसत होतं शेजारच्याइतकंच काळंनिळं.
डोकं खाली घातलं तेव्हा दिसला:
बैलाएवढा धोंडा, पाठीवर शेवाळ, भोवती चांदीची पिल्लं फिरतायत,
जणू त्यांच्या आजोबांपासून तो तिथेच बसलाय.

"फेब्रुवारीतला ग्रिगाल," वेन्झू नंतर म्हणाला,
"तीन दिवस फुंकत होता. माझी पण दोन मिठागरं नेली.
समुद्र सामान हलवतो रे हिवाळ्यात.
बायका हलवतात तसं. न विचारता."

जिल्यान खाली आला, एका पायात बूट.
दोरी हातात घेतली, ओल्या गाठीवरून अंगठा फिरवला.
मी काही बोलले नाही.
त्याचा बाप, माझा भाऊ नार्डू,
बेकरीत उंच स्टुलावर बसून पाव भाजतो.
वीस मिनिटांच्या वर त्याला उभं राहवत नाही.
त्यालाही जागा पाठ होती.

"मी नेहमी तिथेच पडायचो," जिल्यान म्हणाला. "उजवीकडे."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग: "डावीकडून, त्या खालच्या टप्प्यावरून, तीन माणूस उंचीवरून?"

"वाव आहे," मी म्हटलं.
"पण उद्या आधी पुन्हा दोरी.
आणि वेन्झूला सांगून. आणि बूट घालून."
"एकच आहे."
"मग माझे घाल."

रात्री दोरी सज्जात वाळत घातली.
सकाळी प्रत्येक गाठीत मीठ होतं,
आणि पहिल्या गाठीला, कुणीतरी,
लाल धागा बांधून ठेवला होता.