चौदा जागा

सप्टेंबरचा तिसरा आठवडा.
पाटणेच्या किनाऱ्यावर झोपड्यांचे सांगाडे पुन्हा उभे राहतायत,
आणि मी अर्धवट रंगवलेल्या रिसेप्शनमध्ये
चौदा जागांसाठी माणसं बघतोय.

गेल्या सीझनचे कुणी सांगून गेले नाहीत.
ज्योकीम बोटीवर चढला. मायामीहून फोटो पाठवतो:
टॉवेलचा हंस, टॉवेलचा हत्ती.
हत्तीची सोंड मीच त्याला शिकवली होती.
शेफ रुझार पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेला,
गोदामात खोकी उचलतो म्हणे,
आणि शाकुतीचं प्रमाण
तळहातात घेऊनच गेला.
काटा मागवला होता आम्ही,
तो पोचला तेव्हा मसाला भाजणारं कुणी नव्हतं.

गंजामचा तुकुना साहू, दोन रात्रींचा प्रवास,
सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये.
गोव्याचं हुमण जमतं?
जमतं सर, मोबाईलवर पाहिलंय.
मी हसलो. तोही हसला,
आणि फॉर्मवरचा 'हसतमुख' हा रकाना तेवढा भरला.
घेतला.

मग खोतीगावची सुकांती वेळीप.
'कौशल्य' पुढे नुसती एक रेघ.
अनुभव? नाही.
इंग्रजी? 'गुड मॉर्निंग' येतं, दुपारचं येत नाही.
घरी काय करायचीस?
सासू सात वर्षं अंथरुणाला होती, म्हणाली,
तिला जाग न आणता
खालची चादर बदलायचे.

बोलता बोलता तिचा हात
नमुन्याच्या पलंगावर गेला,
कोपरा ओढून आत खोचला.
मी तो सकाळपासून तीनदा खोचला होता.

पगार सांगितला, जेवण सांगितलं, आठवड्याची एक सुट्टी.
मालकाने पाठ करून घेतलंय तसं
'आपण एक कुटुंब आहोत' हेही सांगितलं.
तिने ऐकून घेतलं. मग विचारलं,
"आनी जुनांत?"

मे संपला की चुडतं उतरतात,
गाद्या गोदामात जातात,
माझं स्वतःचं पत्रही एकतीस मेपर्यंतचंच.
फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.

बघू, म्हणालो.

ती उठली. टेबलावरचा हंस उचलून
मानेपाशी चाचपला.
"हा ओला आहे," म्हणाली,
घडी मोडली, आणि बाहेर उन्हात
दोरीवर नीट ताणून घातला.

घेतली की नाही
हे मी अजून सांगितलं नव्हतं.